प्रस्तावनेच्या चौदा फायली

"मॅडम, तक्ते, आलेख सगळं तयार आहे. फक्त लिहायचं राहिलंय." पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली ती मुलगी एवढं सांगतानाच रडवेली झाली. ते 'फक्त' पाच महिने तसंच पडून होतं. शोधनिबंध लिहून होत नाही म्हणजे आपली संशोधनाची लायकीच नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ही भीती घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात.

मी तिला लॅपटॉप उघडायला सांगितलं. प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद १४ वेळा लिहिलेला, १४ वेगवेगळ्या फायलींत. शेवटच्या फायलीचं नाव 'फायनल नवीन २'. पद्धतीच्या भागात एक ओळही नाही.

मग लॅपटॉप बंद करायला लावला. "मी तुझ्या विषयातली नाही. तुला काय सापडलं ते मला समजेल असं सांग." चार मिनिटं ती न अडखळता बोलली. त्यातलं एक वाक्य मी कागदावर उतरवून तिच्यापुढे सरकवलं. "हे तर मीच आत्ता म्हणाले!" तेच तिच्या निबंधाचं मुख्य विधान होतं.

तिची भाषा चांगली होती, घोळ सगळा क्रमाचा. प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणं, चर्चा हा वाचणाऱ्याचा क्रम. लिहिणाऱ्याने तो पाळायलाच हवा असं नाही. काय मांडायचंय हे पक्कं नसताना प्रस्तावना लिहायची, म्हणजे पाहुणे कोण ते ठाऊक नसताना त्यांची ओळख करून द्यायची. आम्ही आधी तक्ते मांडले, प्रत्येकाखाली 'यातून काय दिसतं' ते एका वाक्यात. मग पद्धती, कारण तिथे काही सुचावं लागत नाही, केलेलं सांगायचं असतं. प्रस्तावना चर्चेनंतर, सारांश सगळ्यात शेवटी. रोज ४५ मिनिटं, आणि तेवढ्या वेळात मागचं वाक्य दुरुस्त करायचं नाही. हे तिला फार जड गेलं. पहिल्या आठवड्यात तर रोज नियम मोडला.

मसुदा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक ओळ लिहायला सांगितली: हा काय सांगतो? चर्चेतल्या तीन परिच्छेदांसमोर एकच ओळ आली. एकासमोर काही लिहिताच येईना, आणि नेमका तोच तिचा लाडका, संदर्भांनी भरलेला. तो काढताना तिचा जीव तुटत होता. वेगळ्या फायलीत जपून ठेवू म्हटल्यावर तयार झाली. व्याकरणाला आम्ही त्यानंतर हात लावला. जे वाक्य उडणारच आहे, त्याचे काना-मात्रा कशाला तपासायचे?

गाइडकडून ४१ शेरे आले. त्या रात्री तिचा फोन, पुन्हा तोच रडवा आवाज. दुसऱ्या दिवशी शेजारी बसून शेरे वेगळे केले: २७ शब्दांपुरते, १० ठिकाणी 'पुरावा?', आणि मांडणीला हात घालणारे चार. त्यातला एक तिला पटला नाही. तिने कारणं लिहून पाठवली आणि गाइडनी ती मान्य केली.

काल सारांश पाठवलाय तिने. मर्यादा २०० शब्दांची, हा १९८. शीर्षक अजून ठरायचंय.