कॅमेऱ्यावरचं एई-एल बटण कशासाठी असतं? मॅन्युअल मोड येत असेल तर त्याची गरज आहे का?

आहे. एई-एल म्हणजे ऑटो एक्स्पोजर लॉक: कॅमेऱ्यानं मोजलेलं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते माप, हे बटण तसंच धरून ठेवतं. आणि 'मॅन्युअल शिका, ते बटण विसरून जा' असं तुम्हाला ज्या क्लासवाल्या सरांनी सांगितलं, त्यांच्या कॅमेऱ्याला बहुतेक दोन डायल असणार. तुम्ही निकॉन डी ५६०० लिहिलाय, त्याला एकच डायल. मॅन्युअलमध्ये, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं त्या मोडमध्ये, तो फिरवला की शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा) बदलतो. ॲपर्चर (लेन्समधलं भोक किती उघडायचं) बदलायचं तर प्लस-मायनसचं बटण दाबून धरा आणि मग तोच डायल फिरवा. घरात खिडकीजवळ बसून हे जमतं. गर्दीत धक्के खाताना करून बघा.

हा विषय माझ्या जिव्हारी लागायचं कारण आमच्या ग्रुपमधले एक काका. फिल्मच्या जमान्यातले, निकॉन एफएम-टूवर हात बसलेला, नजर खरंच चांगली. पण 'लॉक म्हणजे कुबड्या' हे वाक्य ते दर फोटोवॉकला ऐकवतात.

एका रंगपंचमीला आम्ही दोघं जुन्या नाशकात एका घराच्या गॅलरीत उभे होतो, खाली रहाड. (बाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीतला हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे काठावरून उडी.) पोरगा काठावर असतो तेव्हा त्याच्यामागे वाड्याचं काळपट लाकूड. हवेत असतो तेव्हा मागे उन्हातली पांढरी भिंत. पाण्यात पडला की फ्रेमभर रंग. पोरावरचा उजेड तोच, पण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मागचंही सगळं मोजतो. त्यामुळे नुसत्या ऑटोवर एकाच धप्प्याच्या तीन फोटोंत तोच पोरगा आधी उजळ, मग सावळा, मग आणखी तिसराच. शिवाय प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. तो फोटोत फिका पडला तर जुन्या नाशकातला माणूस तिथंच पकडतो.

मी ॲपर्चर प्रायॉरिटीवर होतो (ए मोड: ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० पक्का, ऑटो आयएसओ बंद. काठावर उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंगनं (फ्रेममधला छोटासा ठिपकाच मोजणारं) मोजायचं, अंगठ्यानं एई-एल दाबून धरायचं, धप्पा पडेपर्यंत सोडायचं नाही. बास. थोड्या वेळानं वाड्याची सावली सरकत काठावर आली. मी अंगठा उचलला, सावलीतल्या चेहऱ्यावर मोजलं, पुन्हा दाबला. काकांचा मॅन्युअल ऊन स्थिर होतं तोवर उत्तम चालला, ते नाकारत नाही. सावली आल्यावर मात्र ते उन्हाच्याच एक हजारांश सेकंदावर राहिले आणि धप्पे अंधारात गेले. 'रॉ आहे, लाइटरूममध्ये उचलतो,' म्हणाले, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवरून नंतर कॉम्प्युटरवर उजळ करणार. उचला की. मग कुबड्या कुणाच्या?

पुढे ग्रुपच्या प्रदर्शनासाठी फोटो निवडायला तेच बसले. माझा धप्प्याचा फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, 'मोड कुठला?' ए मोड म्हटल्यावर प्रिंट बाजूला. फोटोत काय कमी आहे ते आजतागायत सांगितलेलं नाही. काका इथे वाचत असतील तर एक सांगतो: एक्स्पोजर लॉकचं बटण निकॉन एफ-थ्रीवरही होतं. तो कॅमेरा १९८० चा. तुमचा एफएम-टू १९८२ चा. ज्याला तुम्ही आजकालच्या पोरांचं फॅड म्हणता ते तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा जुनं आहे, आणि त्या काळी एफ-थ्री घेऊन फिरणारे हौशी नव्हते, पोटासाठी फोटो काढत होते.

असो. लॉक करून ॲपर्चर बदललं तर कॅमेरा शटर आपोआप जुळवून घेतो, एकूण एक्स्पोजर तेच राहतं. मॅन्युअलमध्ये तो हिशेब तुम्हीच करायचा.

आता दोन-तीन भानगडी. तुमच्या कॅमेऱ्यावर हे बटण मुळात एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक करतं, आणि उड्या मारणाऱ्या माणसावर फोकस लॉक झाला की वाट लागते. मेनूत जाऊन त्याला फक्त एई लॉकवर टाका. शटर अर्धं दाबल्यानं निकॉनवर एक्स्पोजर लॉक होत नाही, तो वेगळा पर्याय आहे. कॅननवाले मित्र 'होतं' म्हणतील तर त्यांच्यापुरतं खरं आहे, वन-शॉट फोकस (एकदा धरला की थांबणारा) आणि इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग (सगळी फ्रेम मोजणारं) असेल तर.

लॉक चुकीचं मापही तितक्याच इमानदारीनं धरून ठेवतो. मीटर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं समजतो, म्हणून काळारामाचं मंदिर ऑटोवर काढलं की काळा पाषाण राखाडी येतो. तिथं आधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मापात मुद्दाम कमी-जास्त करणं) मायनसमध्ये न्या, मग लॉक करा. मोजायला काहीच सापडलं नाही तर त्याच उजेडात स्वतःचा तळहात मोजा आणि साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा.

आणि हो, गोदाघाटाचा पॅनोरमा जोडायचा असेल किंवा स्टुडिओत फ्लॅश लावून काम असेल तर निमूटपणे मॅन्युअलच वापरा, व्हाइट बॅलन्सही ऑटोवर ठेवू नका. मॅन्युअलमध्ये आयएसओ पक्का असताना एई-एल दाबून एक्स्पोजरला काहीच होत नाही, ते बटण बिघडलेलं नसतं. सतत दाबून अंगठा दुखत असेल तर त्याच मेनूत 'होल्ड' आहे: एकदा दाबलं की लॉक, पुन्हा दाबलं की सुटलं. फक्त मीटर झोपला की तोही लॉक सुटतो, त्यामुळे पुढच्या धप्प्याआधी व्ह्यूफाइंडरमध्ये एई-एलची खूण दिसतेय का ते बघून घ्या.