मुलीला ताप आला म्हणून वाचले, आता झोप लागत नाही

पत्र बरंच मोठं आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लिहिणारी ३८ वर्षांची आहे, अकरा वर्षं एकाच नोकरीत, कामाने पार थकलेली. कॉलेजपासूनच्या जिवलग मैत्रिणीने स्वतःच्या धंद्यात पार्टनर म्हणून ये म्हटलं आणि हिने होकार दिला. राजीनामा टाइप करून ड्राफ्टमध्ये तयार, सगळी बचत एका खात्यात गोळा केलेली, सोमवारी सकाळी पार्टनरशिप डीडवर सही व्हायची होती. रविवारी रात्री मुलीला ताप भरला आणि सही बुधवारवर गेली. मुलीच्या उशाशी बसल्या बसल्या हिने तीन आठवडे इनबॉक्समध्ये पडून असलेली डीडची फाइल पहिल्यांदा नीट वाचली, तर सहाव्या पानावर लिहिलेलं की नवीन भागीदार फर्मचं आजवरचं सगळं देणं मान्य करते. किती देणं म्हणून विचारलं तर मैत्रीण आधी टाळत राहिली, मग जो आकडा निघाला तो हिच्या राहत्या घराच्या किमतीपेक्षा मोठा. बुधवारी हिने नाही म्हणून कळवलं, कारण सांगितलं मुलीच्या तब्येतीचं. याला चार महिने झाले. मैत्रीण बोलत नाही, नवऱ्याला फक्त "जमलं नाही" एवढंच माहितीये, सगळी बचत लावणार होते हे त्याला माहीतच नाही, आणि ही रोज पहाटे तीनला दचकून उठते. विचारलंय की काही झालंच नाही तर मी अजून का थरथरतेय, ताप आला नसता तर माझं काय झालं असतं, आणि स्वतःवर विश्वास ठेवू का नको.

अगं, आधी थरथरण्याचं बोलू, कारण त्याची तुला लाज वाटतेय असं पत्रातून जाणवलं. "माझं काहीच गेलं नाही तरी मी रडतेय, ज्यांचं खरंच गेलं त्यांनी काय करायचं" असं लिहिलंयस. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये लोकांना एक साधा प्रसंग सांगितला होता. दोन माणसं एकाच गाडीतून विमानतळाकडे निघाली, ट्रॅफिकमध्ये अडकली आणि दोघंही अर्धा तास उशिरा पोचली. एकाचं विमान वेळेवर गेलेलं, दुसऱ्याचं विमान लेट होतं आणि फक्त पाच मिनिटांपूर्वी सुटलेलं. जास्त जळफळाट कुणाचा होईल? जवळपास सगळ्यांनी दुसऱ्याचं नाव घेतलं, आणि गंमत म्हणजे नुकसान दोघांचं अगदी सारखंच होतं. गोष्ट जितकी जवळून जाते तितकं मन ती पुन्हा पुन्हा उलटी करून बघतं. तुझं तेच चाललंय, फक्त उलट्या दिशेने, तुझं विमान सुटलं आणि त्यामुळे तू वाचलीस. एका तापाचं अंतर होतं, मग मन पहाटे तीनला उठून तो सोमवार ताप काढून परत परत चालवून बघणारच. यात वेडेपणा काही नाही. पण चार महिने झोप मोडतेय, त्यामुळे डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला एकदा भेटच, हे मी कळकळीने सांगतेय, फक्त पत्र लिहून भागायचं नाही.

आता दुसरा प्रश्न. लोक तुला म्हणतील की जाऊ दे ना, वाचलीस ना, देवाची कृपा म्हण आणि विसर. मी तसं म्हणणार नाही कारण मी स्वतः तसं विसरून बघितलंय. तरुणपणी मी एका माणसासाठी शिक्षण अर्धवट सोडायला निघाले होते, फॉर्म भरून हातात होता, आणि खिडकीवरचा क्लार्क जेवायला गेलेला म्हणून बाहेर बाकावर बसले, बसल्या बसल्या काय झालं माहीत नाही पण उठून घरी आले. सगळ्यांना सांगितलं की मी विचार बदलला. लोक म्हणायला लागले किती समजूतदार मुलगी आहे आणि हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. त्यानंतर पंधरा वर्षांनी तशाच घाईत, तशाच गुपचूप मी दुसरा एक निर्णय घेतला आणि त्या वेळी खिडकीवर माणूस हजर होता. ते निस्तरायला फार वर्षं गेली.

रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्सले या दोन अभ्यासक बायकांनी नेमकं यावरच काम केलंय, थोडक्यात हुकलेल्या संकटांवर. त्यांना दिसलं की नशिबाने वाचलेल्या गोष्टीला माणसं यशातच धरतात, निर्णय चांगलाच होता असं मानतात आणि पुढच्या वेळी जास्त धोका पत्करतात. कोलंबिया यानाचं आठवतंय का? १ फेब्रुवारी २००३ ला ते परत येताना तुटलं आणि सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. पण फोम सुटणं नवीन नव्हतंच, आधीच्या बऱ्याच उड्डाणांत सुटला होता आणि यानं सुखरूप परत आली होती, त्यामुळे सुटतो तो, काही होत नाही, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

म्हणून तू अस्वस्थ आहेस हे मला बरं वाटलं, खरंच सांगते. तू नशिबाला नशीब म्हणतेयस. पण तू लगेच दुसऱ्या टोकाला गेलीस, की म्हणजे मी मूर्खच, माझी अक्कल कुचकामी, आणि तिथे मी तुझ्याशी भांडणार आहे.

ताप योगायोगाने आला हे मान्य. पण ती फाइल उघडली कुणी? ताप आलेल्या मुलीच्या उशाशी बसून माणूस फोनवर काहीही बघत बसतो, तू सहावं पान वाचलंस. मैत्रीण टाळत होती तरी आकडा विचारत राहिलीस. आणि बुधवारी नाही म्हणालीस, वीसेक वर्षांची मैत्री पणाला लावून, स्वतः बघितलेलं स्वप्न समोर दिसत असताना. हे सगळं तुझं आहे, तापाचं नाही. त्या दोन दिवसांत तेच पान वाचूनसुद्धा "आता शब्द दिलाय" म्हणून सही करणारी माणसं मी बघितली आहेत गं.

आणि तुझ्या पत्रात एक वाक्य आहे जे तू असंच जाता जाता लिहिलंयस, मी ते चार वेळा वाचलं. "बहिणीला मुद्दाम सांगितलं नाही, ती उगाच शंका काढते." अख्ख्या पत्रात मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ऑफिसमधल्या दोघींना सांगितलंस, जुन्या ग्रुपवर सांगितलंस, ज्या टाळ्या वाजवणार त्या सगळ्यांना सांगितलंस, आणि जी नेमका प्रश्न विचारेल तिलाच वगळलंस. नवऱ्याला अर्धंच सांगितलंस, पैशाचा अर्धा भाग सोडून. कुठला अर्धा लपवायचा हे तुला बरोब्बर कळत होतं. म्हणजे आत कुणीतरी जागं होतंच ना? तुझी अक्कल झोपली नव्हती, तिने काय बोलायचं ते बोलून झालं होतं, फक्त ती "हे चूक आहे" अशा शब्दांत बोलली नाही, ती "बहिणीला नको सांगू" असं बोलली. स्वतःवर विश्वास ठेवू का, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की ठेव, पण तुझा आतला आवाज कसा बोलतो ते ओळखायला शीक. पुढे कधीही एखादी गोष्ट एका ठरावीक माणसापासून लपवावीशी वाटली की तोंड उघडायचं ते त्याच माणसापाशी, आणि सहीच्या आधी.

आता कागदाचं थोडं, कारण हे इतरांच्याही कामाचं आहे. साध्या भागीदारीत जबाबदारी अमर्याद असते, म्हणजे फर्मचं देणं फर्मच्या पैशातून फिटलं नाही तर घेणेकरी भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत येऊ शकतात. नव्याने आलेला भागीदार सहसा आधीच्या देण्याला बांधील नसतो, पण त्याने लेखी मान्य केलं तर होऊ शकतो, आणि तुझ्या सहाव्या पानावर नेमकं तेच होतं. अशा कागदासाठी वकील आपला वेगळा हवा. मैत्रिणीचा वकील कितीही गोड बोलला तरी तो मैत्रिणीचाच वकील. आणि सही करण्याआधी फर्मचे मागच्या काही वर्षांचे हिशोब आणि कर्जाची यादी मागायची, मागताना जीभ अडखळली तरी मागायचीच. त्यावर समोरचा दुखावला तर तो दुखावणं हीसुद्धा माहितीच आहे.

मैत्रिणीबद्दल माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. ती लबाड आहे का बुडताना हाताला येईल ते धरत होती हे मला इथून कळत नाही, मला दुसरं वाटतंय, पण देणं लपवलं ही गोष्ट दोन्हीकडे तशीच राहते. तू मात्र तिला मुलीच्या आजारपणाचं कारण दिलंस आणि त्यामुळे आज तिच्या लेखी तू ऐनवेळी पाय मागे घेणारी झालीस. तिला एकदा खरं कारण लिहून कळव, दोन-तीन ओळींत, शिव्याशाप न देता, सहाव्या पानाचा उल्लेख करून. उत्तराची वाट बघू नकोस. मैत्री टिकेल असं मी म्हणत नाही, पण खोटं कारण तुझ्या डोक्यावरून उतरेल.

एक भीती मला तुझ्यासाठी वाटते ती वेगळीच आहे. तू लिहिलंयस की "आता मुकाट्याने नोकरी करणार, असले विचार पुन्हा नाही." का बाई? डीड खोटी होती, तुझं थकणं खोटं नव्हतं. स्वतःचं काही करावं हे तुला वाटत होतं ते मैत्रिणीने फोन करायच्या आधीपासूनच वाटत होतं, तूच लिहिलंयस. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये पश्चात्तापावर लिहिताना मांडलं होतं की केलेल्या चुका सुरुवातीला जास्त टोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून बघताना माणसांना न केलेल्या गोष्टीच जास्त सलतात. तेव्हा त्या इच्छेला या प्रकरणाबरोबर गाडू नकोस. सहा महिने थांब, झोप परत येऊ दे, मग एक रक्कम ठरव जी पूर्ण बुडाली तरी घर हलणार नाही, तेवढ्यातच आणि नोकरी चालू ठेवून काहीतरी छोटं करून बघ. राजीनाम्याचा तो ड्राफ्ट काढून टाकलास तरी चालेल, पुन्हा लिहायला दहा मिनिटं लागतात.

राहिला नवरा. सांग. विमान क्षेत्रात अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे, नासा ती चालवते, थोडक्यात हुकलेले अपघात आणि झालेल्या चुका वैमानिक तिथे स्वतःहून कळवतात. कळवणाऱ्याचं नाव काढून टाकतात, हेतू एवढाच की माणसाने न घाबरता सांगावं आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग व्हावा. कारण शिक्षा होणार असेल तर कुणी काही कळवत नाही आणि पुढच्या विमानाला तेच होतं. घरात नाव काढून टाकता येत नाही, मला माहितीये. तो चिडेल, दोन दिवस अबोला धरेल, बचत आपली दोघांची होती असं म्हणेल आणि ते बरोबरच म्हणेल, त्यावर वाद घालू नकोस, ताप मध्ये आणू नकोस, "पण शेवटी झालं नाही ना" हे तर अजिबात म्हणू नकोस. मैत्रिणीने कसं फसवलं इथून सुरुवात केलीस तर सगळं बोलणं तिच्यावरच जाईल, म्हणून आधी स्वतःचा भाग सांग, की मी तुझ्यापासून हे लपवलं.

मग लॅपटॉप उघड आणि ती फाइल काढ, डिलीट केली नसशील अशी आशा आहे. सहावं पान दोघांनी मिळून वाचा. आणि तो शेजारी बसलेला असतानाच बहिणीला फोन लाव.