पूर्वेला की पश्चिमेला? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. जूनपासून यजमानांची बदली ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये होते आहे. मला आठवड्यातून तीन दिवस ठाण्यात, नौपाड्यातल्या ऑफिसात जावं लागेल. मुलगी चार वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, त्यांचे गुडघे दुखतात. गाडी आहे, पण ती रोज काढायची नाही असं ठरवलंय. बालवाडी, भाजी, डॉक्टर, बाग, स्टेशन सगळं पायी जमेल असं उपनगर कोणतं? त्याच भाड्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये मोठा फ्लॅट मिळतोय, म्हणून मन द्विधा झालंय.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घोडबंदरचा मोह सोडा. तिथल्या संकुलांच्या आवारात जॉगिंग ट्रॅक असतो, बाग असते, कधी किराण्याचं दुकानही असतं. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की कंटेनर धावणारा हमरस्ता. समोरच्या बाजूची बालवाडी सरळ रेषेत दीडशे मीटरवर असली, तरी रस्ता ओलांडायच्या जागेपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे तेच अंतर अर्धा-पाऊण किलोमीटर होतं. कासारवडवलीकडून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर. महिन्याभरात गाडी रोज निघायला लागेल.

तुमच्या दोन नोकऱ्या बघता तीन जागांचा विचार करा : ऐरोली, मुलुंड पूर्व आणि ठाण्यातला नौपाडा. आमचा कौल ऐरोलीला, पण स्टेशनपासून किलोमीटरभराच्या आतल्या सेक्टरांनाच. मुलं इतकी लहान असताना दोघांपैकी एकाचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर असणं फार मोलाचं. बालवाडीतून ‘मुलीला ताप आलाय, घेऊन जा’ असा फोन आला, तर पंधरा-वीस मिनिटांत कुणीतरी पोचतं. तुम्ही ट्रान्सहार्बरने, म्हणजे ठाण्याला नवी मुंबईशी जोडणाऱ्या लोकलने, ठाण्याला जाल. ऐरोलीनंतर दिघा गाव आणि मग ठाणे, म्हणजे दोनच स्टेशनं. सकाळचा मोठा लोंढा ठाण्याहून आयटी पार्कांकडे येणारा असतो, तुम्ही त्याच्या उलट दिशेला असाल. ठाण्यात उतरून नौपाड्यापर्यंत पायी जाता येतं.

ऐरोलीत फसगत कुठे होते, तेही ऐका. स्टेशन वस्तीच्या पूर्वेच्या टोकाला आहे आणि वस्ती पश्चिमेला खाडीपर्यंत पसरलीय. दलाल ‘ऐरोली’ म्हणून खाडीकडचं घर दाखवतो, ते स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटर निघतं. तेव्हा ‘ऐरोलीत’ नको, सेक्टर नंबर विचारा. दुसरं म्हणजे आयटी पार्क हीही एकच जागा नाही. कंपनीचं नेमकं फाटक कोणतं, आणि रूळ नि ठाणे-बेलापूर रस्ता कुठून ओलांडायचा, हे यजमानांनी एकदा चालून बघावं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने सेक्टर आखताना प्रत्येकात शाळा, बाग, बाजार यांना भूखंड ठेवले, त्यामुळे रोजच्या गोष्टींसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. रो-हाउसच्या गल्ल्यांत वाहनं कमी, तिथे मुलं खरोखर खेळतात. बाजाराच्या रस्त्यावर मात्र फुटपाथ नावाला असतो, त्यावर दुकानांचा माल आणि स्कूटरी.

मुलुंड पूर्वेचा जुना भाग रूळ आणि पूर्व द्रुतगती मार्ग यांच्या मधोमध आहे. बाजार, शाळा, दवाखाने, मैदानं सगळं या दोन रेषांच्या आत. घर हायवेपलीकडचं नसलं म्हणजे झालं. अडचण यजमानांची : एकतर ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बर पकडायची, नाहीतर ऐरोली पुलावरून बस. अंतर कमी, पण पुलाच्या तोंडाशी सकाळी खोळंबा होतो. त्यांचं काम निम्मं घरूनच होणार असेल, तर मुलुंडला पहिला नंबर द्यायला आमची हरकत नाही.

नौपाड्यात बाजाराला तोड नाही. गोखले रोड, राम मारुती रोडच्या परिसरात सुईपासून बालरोगतज्ज्ञांपर्यंत सगळं चालत मिळतं, तलावपाळीही जवळ. पण जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. शेजारचा प्लॉट खोदायला घेतला की डंपर आणि मिक्सर त्याच गल्लीतून जातात, फुटपाथ फुटतो, धूळ वेगळीच. शिवाय तुमचीच इमारत पाडायला निघाली, तर भाडेकरूला नोटीस येते. म्हणून घर बघताना सोसायटीच्या चिटणिसांना थेट विचारा : पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली विकासकाची निवड झालीय का? झाली असेल, तर घर कितीही आवडलं तरी घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. उपनगराच्या नावावर काही ठरत नसतं, ठरतं ते दारापासूनच्या पाच-सहाशे मीटरवर. एकाच मुलुंडमधल्या दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे घर पसंत पडलं की टोकन देण्याआधी मुलीला घेऊन तिथे चाला. मोबाइलचा नकाशा मोठ्या माणसाच्या वेगाने, मिनिटाला साधारण ऐंशी मीटर धरून वेळ सांगतो. चार वर्षांचं मूल मांजर बघत, खड्डा चुकवत मिनिटाला चाळीस-पन्नास मीटरच जातं. नकाशावरची सहा मिनिटं म्हणजे तुमची दहा ते बारा. बालवाडी पाचशे मीटरच्या आत हवी, ती यासाठी. किराणा, दूध, भाजी, मेडिकल तीनशेच्या आत असले तर सासूबाईंनाही एकट्याने जाता येईल. पिठाची गिरणी आणि रात्री दहानंतर उघडं राहणारं मेडिकल या दोन गोष्टी लोक विचारायला विसरतात.

जाताना मोजपट्टी न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तीतल्या फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोकळी म्हणजे खांब, झाड, वीजपेटी, टपरी सोडून उरलेली. उंची जास्त महत्त्वाची. फुटपाथ पुन्हा पुन्हा नव्याने बांधून वर चढवलेला असतो, कड पावणेदोनशे-दोनशे मिलिमीटरच्या पुढे जाते आणि मग गुडघेदुखीवाली माणसं त्यावर चढतच नाहीत, रस्त्याच्या कडेने चालतात. प्रत्येक फाटकाशी गाड्यांसाठी उतार केलेला असतो, म्हणजे दर पंधरा-वीस मीटरला चढ-उतार. शंभर मीटरमध्ये फुटपाथ सोडून किती वेळा खाली उतरावं लागलं ते मोजा. तीनपेक्षा जास्त वेळा उतरावं लागत असेल, तर तो फुटपाथ नाहीच असं समजा. त्यापेक्षा फुटपाथ नसलेली पण आरपार वाहतूक नसलेली बंद गल्ली बरी.

रस्ता ओलांडायचं गणित सोपं आहे. चौदा मीटर रुंद रस्ता मुलाला घेऊन सेकंदाला ०.८ मीटरने ओलांडायला सतरा-अठरा सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा बारा सेकंदांचा असेल, तर तुम्ही दुभाजकावर अडकणार. तिथे बाबागाडी नीट उभी राहायला निदान सव्वा मीटर रुंदी हवी, नाहीतर तिचं चाक रस्त्यावर येतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे ‘फ्री लेफ्ट’. डावीकडे वळणारा चालक उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत असतो, समोरचं मूल त्याला दिसत नाही आणि त्याला सिग्नलला थांबायची सक्तीही नसते. बालवाडीच्या वाटेवर असा कोपरा असेल, तर दुसरी वाट किंवा दुसरी बालवाडी शोधा.

रविवारी सकाळी घर बघू नका. दलाल नेमका तेव्हाच बोलावतो, कारण रस्ते मोकळे असतात. साडेबारा-एकला, शाळेच्या दोन पाळ्या बदलताना जा. रिक्षा, स्कूलबस आणि पालकांच्या दुचाकी तेव्हा एकदम कोंबल्या जातात. पुन्हा एकदा रात्री साडेआठला, दिवे कुठे बंद आहेत ते बघायला.

आणि पाऊस. भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर असताना मुसळधार पाऊस आला, की खाडीकडे जाणारे नाले पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, ते मागे तुंबतं. हे उन्हाळ्यातही ओळखता येतं. कुंपणाच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला मातकट रेघ आहे का? दुकानांना तीन-तीन पायऱ्या आहेत का? औषधाच्या दुकानात सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवलाय का? इमारतीचे वीजमीटर अलीकडेच वर हलवलेत का? दलालाला विचारू नका, किराणावाल्याला विचारा. त्याचा तांदूळ भिजलेला असतो.

करार अकरा महिन्यांचाच करा आणि लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. जागा पायी जमणारी नाही हे पहिल्या पावसाळ्यातच कळतं, तेव्हा अडकून पडायला नको. करार नोंदणीकृतच हवा, नुसता नोटरीचा नको. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं मानीव (मिळालं असं धरलेलं) व्याज यांच्यावर ०.२५ टक्के, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचा खर्च वेगळा. तो कोण देणार हे आधी बोलून घ्या.

प्रश्न : पनवेलपलीकडे फ्लॅट बुक करायचाय. जाहिरातीत ‘स्टेशन ५ मिनिटांवर’ लिहिलंय. कितपत धरून चालायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ती मिनिटं बहुतेक गाडीची असतात, तीही रिकाम्या रस्त्याची. तुम्ही इमारतीच्या फाटकापासून फलाटापर्यंत मोजा, स्टेशनच्या दारापर्यंत नव्हे. पादचारी पुलाचे जिने चढून-उतरून पलीकडच्या फलाटावर जायला चार-पाच मिनिटं सहज जातात. स्टेशनला तुमच्या बाजूने दार आहे का, हे आधी बघा. बऱ्याच ठिकाणी तिकीटघर एका बाजूला आणि नवी वस्ती दुसऱ्या बाजूला असते.

खरा घोटाळा पोचरस्त्याचा. विक्रेता दाखवतो तो रुंद रस्ता अनेकदा विकास आराखड्यावर असतो, जमिनीवर त्या जागी शेत नाहीतर कुंपण. भूसंपादन झालेलं नसेल, तर तुम्ही राहायला गेल्यावरही वर्षानुवर्षं तो होत नाही. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर आराखडा उतरवून घ्या. त्यात प्रवेश कुठून दाखवलाय, तो रस्ता याच टप्प्यात आहे की पुढच्या, आणि पूर्णत्वाची तारीख कोणती दिलीय हे पाहा. मग नियोजन प्राधिकरणाकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला, म्हणजे जमीन कशासाठी राखून ठेवलीय ते सांगणारा कागद, काढा. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बागेचं आरक्षण आहे की ट्रक टर्मिनसचं, हे कळायला त्या प्लॉटच्या सर्व्हे नंबरचाही दाखला काढा.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर बाबागाडीचा उपयोग होतो का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : होतो, पण चाकं बघून घ्या. चार-पाच इंची दुहेरी प्लास्टिकची चाकं मॉलच्या फरशीसाठी असतात; पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती आडवी होतात आणि गाडी झटका खाते. पुढची चाकं सात-आठ इंची आणि रबरी हवीत. गाडीची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आत असावी, नाहीतर इमारतीच्या जुन्या लिफ्टमध्ये जाणार नाही. ही मापं दुकानातच टेपने घ्या. लोकलला जायचं असेल तर बाबागाडी घरीच ठेवा, बाळाला पुढे बांधायची झोळी बरी. दोन्ही हात मोकळे राहतात.

प्रश्न : सोसायटीसमोरच्या फुटपाथवर दुचाकी लागतात आणि चेंबरचं झाकण महिनाभर तुटलेलं आहे. तक्रार कुठे करायची?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकाच अर्जात लिहिल्या तर दोन्ही पडून राहतात. दुचाकींची तक्रार वाहतूक पोलिसांकडे, गाड्यांचे नंबर दिसतील अशा फोटोंसह. झाकणाची महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. फोटोत जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक येऊ द्या. ‘अमुक मेडिकलसमोर’ असं लिहिलं की माणूस येऊन जागा सापडली नाही म्हणून परत जातो, खांबाच्या नंबरावर तशी पळवाट उरत नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो असं म्हटलंय, त्याचा एका ओळीत उल्लेख करायला हरकत नाही. तोवर त्या झाकणावर सोसायटीकडून लाल कापड बांधलेली काठी उभी करून ठेवा. उघड्या चेंबरवर पुठ्ठा किंवा फळी मात्र कधीही टाकू नका, पावसाच्या पाण्याखाली ती दिसत नाही आणि पाय थेट आत जातो.