तीन महिन्यांची नोकरी आणि एक 'च'

गेल्या दीड-दोन वर्षांत एकच काळजी समुपदेशक म्हणून माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी आलीय. तीन-चार महिन्यांसाठी परदेशातल्या न्यूजरूममध्ये काम मिळालंय, कुणी फेलोशिपवर जातंय तर कुणी रजेवर गेलेल्याच्या जागी, शहर माहीत नाही, माणसं माहीत नाहीत आणि रुळायला वेळ नाही, मग निभावणार कसं? त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळखू येणार नाही इतके तपशील बदलून.

ती डेस्कवरची. आधीची सहा वर्षं बातम्या एडिट करण्यात गेलेली, हेडिंगवर हात बसलेला. तिकडे पोचून आठवडा झाला आणि व्हिडिओ कॉलवर रडायलाच लागली. झालं होतं असं की सकाळच्या मीटिंगमध्ये शहरातल्या एका भागाचं नाव निघालं, सगळे हसले, म्हणून तीही हसली. मग त्याच भागातली बातमी तिच्याकडे आली आणि तो भाग येतो कुठे, नाव नक्की लिहायचं कसं, हे एकटीने शोधण्यात पाऊण तास गेला. शेजारच्या खुर्चीत त्याच शहरात वाढलेला सहकारी बसलेला!

"त्याला का नाही विचारलंस?"

"मॅडम, तीन महिन्यांसाठी घेतलंय मला. पहिल्याच आठवड्यात असलं काही विचारलं तर म्हणतील, हिला घेतलं कशाला. मला सगळं यायलाच पाहिजे."

आता मी पडले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली, १९५५ पासून तो माणूस हेच सांगत आला की आपण घटनेने खचतो त्यापेक्षा तिच्याबद्दलच्या हट्टाने जास्त खचतो. तरीही सुरुवातीला मी चुकले. शहाण्यासारखे सल्ले दिले, नकाशा बघ, जुने अंक वाच, रोज वेगळ्या रस्त्याने ऑफिसला जा. तिने त्याची भलीमोठी यादी केली आणि रात्री चार-चार तासच झोपायला लागली. म्हणजे तिच्या हट्टाला मीच खतपाणी घातलं की!

तिसऱ्या भेटीत सल्ले बंद केले. म्हटलं, मनात जे घोळतंय ते चॅटमध्ये जसंच्या तसं टाइप कर. तिने लिहिलं, 'मला सगळं यायलाच पाहिजे. मला काही येत नाही हे कुणालाही कळता कामा नये.'

"बातमीची कॉपी म्हणून हे तुझ्या डेस्कवर आलं असतं तर?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही नाही, आणि आमच्या कामात हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड असतं. मग तिचा आवाज बदलला, एकदम डेस्कवरचा झाला. "'सगळं' म्हणजे काय? मोघम आहे. 'कुणालाही' म्हणजे कोण, सोर्स कुठाय? आणि हा 'च' कशाला?" असं म्हणून तिने स्वतःच वाक्य दुरुस्त केलं. 'मला बरंचसं यावं असं वाटतं. जे येत नाही ते विचारावं लागेल.' एवढंच. पण खांदे खाली आलेले मला स्क्रीनवर दिसले. तिचं हत्यार तिच्याच हातात होतं, मी फक्त कॉपी पुढे सरकवली.

मग गृहपाठ दिला, रोज एक बावळट प्रश्न विचारायचा, तोही मोठ्याने. हे मीही एलिसकडूनच उचललंय. वयाच्या १९ व्या वर्षी लाजाळूपणा घालवायला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकांवर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलत सुटला होता, शंभरेक जणींशी बोलला, भेटायला हो म्हणाली एकच आणि तीसुद्धा आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही!

अशा नोकरीवर निघालेल्यांनो, छापण्याआधी विचारलं तर ते काम असतं, नंतर कळलं तर खुलासा छापावा लागतो. पहिल्याच दिवशी स्टाइलबुक, म्हणजे तिथल्या लिखाणाच्या नियमांचं पुस्तक, मागा, चूक दिसली तर आधी कुणाला सांगायचं ते विचारून ठेवा. मुदत कमी आहे म्हणून गप्प बसू नका, उलट नवख्याला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जेवढं विचारता येतं तेवढं नंतर कुणालाच येत नाही. आणि जे तुम्हाला कळत नाही ते बऱ्याचदा वाचकालाही कळत नसतं, बातमीत त्याची एक ओळ लागतेच. अजून एक, आधी रुळेन मग नीट काम करेन असं म्हणत बसू नका. नव्या देशात रुळायला बऱ्याचदा कित्येक महिने जातात, तोवर तुमचं परतीचं तिकीट आलेलं असेल. परकं वाटत असतानाच काम करायचं, ते होतं.

शेवटच्या भेटीत ती तिच्या जागी येणाऱ्यासाठी हँडओव्हर नोट लिहीत होती. त्यात एक भाग होता, 'मी विचारलेले बावळट प्रश्न', उत्तरांसकट, चांगले एकेचाळीस. मी विचारलं, त्या पहिल्या मीटिंगमध्ये सगळे हसले कशाला होते ते कळलं का गं?

"अय्या मॅडम, ते विचारायचं राहिलंच."