लीग असताना महिलांचा एफए कप वेगळा कशासाठी?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये महिलांची लीग असताना एफए कप, म्हणजे तिथल्या फुटबॉल असोसिएशनची स्पर्धा, वेगळी कशाला, आणि तुमच्या मुलीने त्यात काय बघावं. मी नेरूळला मुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून लिहिते.

लीगमध्ये आज हरलात तर पुढच्या सामन्यात भरून काढता येतं. कपात पहिल्यापासून बाद फेरी, हरलात की संपलं. खालच्या श्रेणीतले छोटे क्लब आधीच्या फेऱ्या खेळतात, मोठे मागाहून येतात. कोणाची गाठ कोणाशी, हे सिडकोच्या घरांसारखं सोडतीत ठरतं. त्यामुळे नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलींसमोर एखाद्या वर्षी थेट आर्सेनलसारखा मोठा क्लब उभा राहतो.

या कपामागे मोठी अडवणूक आहे, ती मुलीला जरूर सांगा. 1920 च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना बघायला सुमारे 53,000 लोक आले होते. वर्षभरात फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानंच महिलांना बंद केली, आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली! या कपाची पहिली फायनल 1971 मध्ये झाली, साउथॅम्प्टनने जिंकली. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फायनल यायला 2015 उजाडलं. 2023 ला तिथे 77,390 प्रेक्षक होते.

बाद फेरी म्हणजे काय, ते माझ्या मुलींना आपल्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कळलं. 30 ऑक्टोबर 2022, सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. 82 व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग कोलंबियाच्या बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि तेवढ्यावर वर्ल्ड कप ठरला. माझ्या शेजारी आमची डिफेंडर बसली होती, तिने माझी बाही घट्ट धरली. दुसऱ्या दिवशी मैदानावर आली ती थेट म्हणाली, "ताई, तोंड आपल्या गोलकडे असताना बाजूने आलेला क्रॉस बाहेर कसा काढायचा, ते आधी घ्या." त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच केलं नाही.

म्हणून मुलीला गोलांचे तुकडे दाखवू नका. छोटा क्लब एका गोलने मागे आहे असा सामना निवडा आणि शेवटची दहा मिनिटं पूर्ण बघू द्या. थ्रो-इनसाठी चेंडू आणायला कोण धावतं, तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगा.