एका पराभवावरून मांडणी मोडू नकोस

चि. खेळाडूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रग्बीचा सामना हरलात म्हणून तू पुढे आठ आणि मागे चार गड्यांची नवी मांडणीच सोडून द्यायला निघालास, हे तुझ्या पत्रात वाचून राहवलं नाही. जुना रग्बीपटू फ्रँक हँकॉक, त्याचं ऐक.

1884 साली वेल्समधल्या कार्डिफ क्लबचा एक गडी जायबंदी झाला, म्हणून हँकॉकला ऐनवेळी संघात घेतलं. पठ्ठ्यानं दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला. जुना गडी परतल्यावर बसवायचं कुणाला? क्लबनं दोघांनाही ठेवलं. तोवर पुढे रेटारेटी करणारे नऊ फॉरवर्ड आणि मागे चेंडू घेऊन धावणारे तीन थ्री-क्वार्टर असत. कार्डिफनं पुढचा एक कमी करून मागे चार केले. 1885-86च्या हंगामात हँकॉकच्या नेतृत्वाखाली या संघानं 131 ट्राय केले.

त्याच हंगामात, जानेवारीत, तो वेल्सचा कर्णधार म्हणून स्कॉटलंडविरुद्ध उतरला, तोही कार्डिफच्याच मैदानावर, मागे चार थ्री-क्वार्टरच्या त्याच मांडणीनं. स्कॉटलंडच्या नऊ जणांनी वेल्सच्या आठ फॉरवर्डना रेटत नेलं. सामना चालू असतानाच हँकॉकनं फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे राहणाऱ्या हॅरी बोवेनला पुढे फॉरवर्डमध्ये घातलं आणि थ्री-क्वार्टर आर्थर गूल्डला त्याच्या जागी मागे पाठवलं. वेल्स हरलं. हँकॉक पुन्हा कधी देशासाठी खेळला नाही.

हा प्रसंग मी पुन्हापुन्हा आठवतो. हँकॉकला मी दोष देत नाही. समोर संघ रेटला जात असताना कर्णधाराच्या जिवाची काय घालमेल होते, हे मला ठाऊक आहे. पण क्लबमध्ये हंगामभर मुरलेली चाल वेगवेगळ्या क्लबांतून आलेल्या पोरांच्या अंगात एका दुपारी कशी उतरणार? उणीव सरावाची होती, मांडणीची नव्हती.

वेल्सनं 1888च्या अखेरीस चौघांची मांडणी पुन्हा घेतली. 1893 साली कार्डिफचं मैदान इतकं गोठलं होतं, की रात्रभर कोळशाच्या शेगड्या पेटवून ते खेळण्याजोगं करावं लागलं. तिथं वेल्सनं इंग्लंडला 12-11 असं हरवलं आणि पुढे स्कॉटलंड, आयर्लंडलाही हरवून पहिल्यांदा ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच हंगामात बाकीच्या तिघांना हरवण्याचा मान, जिंकला. कर्णधार कोण, तर 1886 साली मागे पाठवलेला तोच आर्थर गूल्ड! पुढच्या वर्षी इंग्लंडही चार थ्री-क्वार्टर घेऊन उतरलं.

तुझे आठ फॉरवर्ड नऊ जणांचा रेटा किती वेळ झेलू शकतात, हे तू सरावात एकदा तरी पाहिलंस का? सोमवारी पोरांना घेऊन मैदानावर ये. समोर नऊ जण उभे करायचं माझ्याकडे लागलं.