‘मेहनती व प्रामाणिक’ खोडा, हरण्या लिहा

प्रश्न : मी यावल तालुक्यातली. यंदा मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाले. जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये (बाटलीत केळीची रोपे वाढवतात तिथे) लॅब असिस्टंटची जागा निघाली आहे. जाहिरातीत मीडिया (रोपांचे पोषक माध्यम) बनवणे, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणे) आणि लॅमिनारवरचे (निर्जंतुक हवेच्या कपाटातले) काम लिहिले आहे. बायोडाटासोबत कव्हर लेटर मागितले आहे. नेटवरचा नमुना पाहून लिहिलेले पत्र सोबत पाठवते. बायोडाटात सगळे असताना पत्रात वेगळे काय लिहायचे? घरी केळी आहे, पण नोकरीचा अनुभव काहीच नाही.

उत्तर : ताई, पत्र वाचलं. ‘मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्याची आवड असलेली उमेदवार असून आपल्या नामांकित संस्थेच्या प्रगतीत हातभार लावू इच्छिते.’ माझी नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, पाइपच्या कारखान्यात, माणसं घेण्याच्या टेबलावर झाली. हे वाक्य दिसलं की डोळे आपोआप खालच्या ओळीवर जायचे. अप्रामाणिक माणूसही हेच लिहितो ना! आणि तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात ‘ग्राहकसेवेची आवड’ तशीच राहिलीय. नमुना बँकेचा होता वाटतं. लॅबमध्ये बाटल्यांना कसली सेवा देणार?

बायोडाटा सांगतो तू काय शिकलीस. पत्रात सांगायचं, त्यांच्या जाहिरातीतलं कोणतं काम तुझ्या हातून झालंय. ‘अनुभव काहीच नाही’ म्हणतेस आणि त्याच वाक्यात ‘घरी केळी आहे’ म्हणतेस! तिथेच तुझं पत्र आहे. कॉलेजात आणि शेतात खरंच जे केलं असशील तेवढंच ठेवून मधला परिच्छेद असा लिही :

‘कॉलेजच्या लॅबमध्ये न्यूट्रिअंट अगार बनवणे, ते 121 अंश सेल्सिअसला 15 पौंड दाबावर ऑटोक्लेव्ह करणे आणि लॅमिनारमध्ये निर्जंतुक पद्धतीने काम करणे मी स्वतः केले आहे. केळीचे सबकल्चर (कोंब नव्या मीडियात हलवणे) अजून केलेले नाही. आमच्या शेतात टिश्यू कल्चरची जी-नाईन जातीची केळीची रोपे लागतात. लागवडीनंतर नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे) आणि हरण्या (सीएमव्ही विषाणूचा रोग) आलेली झाडे ओळखून उपटणे ही कामे मी घरी करते.’

वाचणाऱ्याच्या जागी बसून बघ. लॅबवाल्याला दोन धास्त्या असतात. एक, बाटलीत बुरशी किंवा जिवाणू शिरले की ती बॅच गेली. दुसरी, मातृवृक्षात विषाणू असेल तर त्याच्यापासून वाढवलेल्या रोपांतही तो उतरतो आणि पुढे शेतकरी दारात येऊन उभा राहतो. पानावरचे पिवळे पट्टे आणि सडलेला पोंगा (मधलं कोवळं पान), ही हरण्याची लक्षणं शेतात उभं राहून पाहिलेली मुलगी पदवीधरांच्या गठ्ठ्यात किती सापडणार? रावेर-यावलकडे हरण्या काय करतो हे लॅबवाल्याला सांगावं लागत नाही. तुला तो ओळखता येतो, एवढं त्याला कळलं की पुरे. ‘सबकल्चर केलेले नाही’ हे वाक्य मात्र काढू नकोस. मुलाखतीत दुसऱ्या मिनिटाला ते उघडं पडतंच, तुझ्या तोंडून आधी कळलं तर शिकवायची तयारी ठेवतात.

या मधल्या परिच्छेदाच्या आधी दोन ओळी : कोणती जागा, जाहिरात कुठे पाहिली. शेवटी रुजू कधी होऊ शकशील आणि राहणार कुठे. ‘यावलहून ये-जा करणार की जळगावात खोली घेणार’ हे आम्ही मुलांनाही विचारायचो, कारण सकाळच्या पाळीला ‘एसटी चुकली’ हे रोजचं रडगाणं. आपणहून लिहिलंस तर एक शंका मिटते. वडिलांचा व्यवसाय, जात, छंद, हालाखीची परिस्थिती यातलं काही नको.

पान एकच. जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्र इंग्रजीत, पण छोट्या वाक्यांत. मुलाखतीत बोलता येणार नाही असा शब्द पत्रात घालू नकोस. मेल करणार असशील तर पत्र मेलमध्येच लिही, बायोडाटा पीडीएफमध्ये जोड, आणि फाइलला स्वतःचं नाव दे. ‘न्यू बायोडाटा फायनल 2’ नावाच्या फायली आमच्याकडे ढिगाने यायच्या. कुणाची कोणती, शोधत बसा!

प्रश्न : बी.कॉम.नंतर दोन वर्षं धुळ्याला राहून एमपीएससीचा अभ्यास केला, निवड झाली नाही. आता शिरपूरला अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करतोय. पत्रात हा काळ लपवू का?

उत्तर : लपणार कसा, बायोडाटातली वर्षं बोलतातच. एका ओळीत लिहा : ‘2023 ते 2025 स्पर्धा परीक्षेची तयारी केली, आता ती थांबवली आहे.’ दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. जाहिरात निघाली की हा पुन्हा अभ्यासिकेत जाऊन बसेल, ही मालकाची खरी भीती असते. खरंच थांबवली असेल तरच लिहा. त्याच्या खाली टॅली येतं का, जीएसटीचं रिटर्न कधी भरलंय का, ते लिहा. सहा महिने काकांच्या कृषी केंद्रात बिलं केली असतील तर तेही लिहा.